पाला, शेंग, कंद : भाजीच्या नावांचा सीमापार इतिहास

बेळगावच्या बाजारात मराठीत 'भाजी घ्यायची आहे' असे म्हटले, तर विक्रेता वांगी, दोडके, गवार, मेथी, बटाटे यांपैकी काहीही पुढे करील. बडोद्याच्या बाजारात गुजरातीतून 'भाजी' मागितली, तर मेथी, पालक किंवा तांदळजा हाती येईल. वांगी हवी असतील तर तेथे 'शाक' हा शब्द वापरावा लागेल. इंदुरात 'साग' म्हटले की पाला समोर येतो आणि बाकी सर्व 'सब्जी' ठरते. हैदराबादेत जुन्या घरांतून 'तरकारी' ऐकू येते. माणूस मराठी, गरज एकच, टोपलीही सारखीच. पण गाव बदलले की शब्दाची कक्षा बदलते.

सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या वस्त्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा अनुभव नवा नाही. आपण तो बहुधा हसण्यावारी नेतो. परंतु या गोंधळाला शतकांचा इतिहास आहे. भाजी म्हणजे वनस्पतीचा कोणता भाग, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी शब्दांत नोंदवून ठेवले आहे. पालेभाजी, फळभाजी, शेंगभाजी, कंदमुळे ही विभागणी शाळेच्या पुस्तकाने प्रथम केली, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ती पुस्तकापेक्षा फार जुनी आहे, आणि तिचा माग घेतला तर आजच्या राज्यसीमा ओलांडाव्याच लागतात.

शास्त्रातील विभागणी

वनस्पतीचा खाद्य भाग हा वर्गीकरणाचा पाया मानण्याची रीत संस्कृत ग्रंथांत ठळकपणे दिसते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील शेहेचाळिसाव्या अध्यायात आहारद्रव्यांचे वर्ग सांगितले आहेत. तेथे फळांचा वर्ग वेगळा, शाकांचा वेगळा, फुलांचा वेगळा आणि कंदांचा वेगळा आहे. पुष्पवर्गात अगस्त्याच्या, म्हणजे आपल्या हादग्याच्या फुलाचा उल्लेख येतो. अळंबीसारख्या उगवणींचाही तेथे स्वतंत्र विचार आहे. आणि त्या कशावर उगवल्या, पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर की जमिनीवर, यावरून त्यांचे भेद केले आहेत. रानातली अळंबी ओळखणारी खानापूरकडची जाणती माणसे आजही उगवणीची जागा आधी पाहतात.

सोळाव्या शतकात भावमिश्राने रचलेल्या भावप्रकाशात शाकाचे सहा प्रकार दिले आहेत : पान, फूल, फळ, देठ अथवा नाळ, कंद आणि संस्वेदज, म्हणजे ओलाव्यातून उगवणारी अळंबी. या क्रमाने भाजी पचायला अधिकाधिक जड होत जाते, असेही तो सांगतो. पाने सर्वांत हलकी, कंद जड आणि अळंबी त्याहून जड. आजारातून उठलेल्या माणसाला आधी पालेभाजी देणारी आणि सुरण लांब ठेवणारी आपल्या घरांतली रीत या क्रमाशी जुळते.

अमरकोशाने वैश्यवर्गात शाकाला 'हरितक' आणि 'शिग्रु' असे पर्याय दिले आहेत, आणि शाकाच्या देठासाठी वेगळे शब्द नोंदवले आहेत. 'हरितक' म्हणजे हिरवे. पुढे अनेक शतकांनी फारसीतून आलेल्या 'सब्जी' या शब्दाचा मूळ अर्थही तोच. 'शिग्रु' म्हणजे आपला शेवगा. एका झाडाचे नाव साऱ्या भाज्यांचा पर्याय म्हणून चालावे, इतके ते झाड रोजच्या जेवणातले असले पाहिजे. कोशावरच्या टीकापरंपरेत शाकाचे दहा प्रकार सांगितलेले आढळतात. मूळ, पान, करीर म्हणजे बांबूसारख्यांचा कोंब, अग्र म्हणजे शेंडा, फळ, खोड, साल, फूल आणि कवक हे त्यांतले प्रकार आपल्याला आजही सहज ओळखू येतात. बांबूच्या कोंबाला कोकणात 'वास्ते', गोव्याकडे 'कीर्ल' आणि कन्नडात 'कळले' म्हणतात. तीन भाषांना या एका कोंबासाठी स्वतंत्र नाव असावे, यावरूनच पावसाळ्यातल्या जेवणात त्याचे स्थान काय होते ते कळते.

दोन शब्दांची अदलाबदल

आता बडोद्याच्या कोड्याकडे वळू. 'शाक' हा संस्कृतातला व्यापक शब्द. त्यात पानापासून अळंबीपर्यंत सारे आले. हिंदीत त्याचा 'साग' झाला आणि अर्थ आकसून पाल्यापुरता उरला. गुजरातीत मात्र 'शाक' व्यापकच राहिला, कच्च्या भाजीला आणि शिजलेल्या भाजीलाही. मराठीत तो रोजच्या बोलण्यातून जवळजवळ निघून गेला; 'शाकाहार'सारख्या सामासिक शब्दांत तेवढा टिकला.

'भाजी'ची वाटचाल उलटी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'भाजी' हे रूप 'श्राणा', म्हणजे शिजवलेले खाद्य, या अर्थी साधलेले आहे. तेथे झाडाच्या कोणत्याही भागाचा संबंध नाही. संबंध आहे तो चुलीशी. गुजरातीने हा शब्द पाल्यापुरता घेतला. मराठीने त्याला सर्वांत मोठे घर दिले. बाजारातली कच्ची भाजी, ताटातली शिजलेली भाजी, पाल्याची, फळाची, शेंगेची, कंदाची, सारे काही मराठीत 'भाजी'. म्हणजे हिंदीत 'शाक' आकसला आणि गुजरातीत 'भाजी' आकसली. गुजरातीत 'शाक' विस्तारलेलाच राहिला आणि मराठीत 'भाजी' विस्तारली. बडोद्याचे मराठी कुटुंब घरात एका अर्थाने आणि दारात दुसऱ्या अर्थाने हाच शब्द वापरते. त्यात कोणाचेही काही चुकत नाही. एकाच जुन्या ठेवीची वाटणी दोन भाषांनी वेगवेगळी केली, एवढाच त्याचा अर्थ.

जोडशब्दांची साक्ष

शब्दांच्या कक्षा अशा सरकत असताना एक गोष्ट मात्र स्थिर राहिली. साऱ्या शेजारी भाषांना 'पाला' आणि 'पाल्याखेरीजचे' असे दोन गट करावेसे वाटले आणि ते त्यांनी जोडशब्दात बांधून ठेवले.

मराठीत आपण 'भाजीपाला' म्हणतो. 'पाला' हा संस्कृत 'पल्लव'चा वंशज. उत्तर कर्नाटकात कन्नड बोलणारा शेतकरी त्याच मालाला 'कायिपल्ले' म्हणतो. 'कायि' म्हणजे कोवळे, न पिकलेले फळ आणि 'पल्ले' म्हणजे भाजी. पाल्याची भाजी निराळी सांगायची असेल तर तो 'तप्पल पल्ले' म्हणतो, कारण 'तप्पलु' म्हणजे पाने. गुजरातीत 'शाकभाजी' आहे : शाक म्हणजे बाकीचे आणि भाजी म्हणजे पाला. हिंदीत 'साग-सब्जी' आहे : साग म्हणजे पाला आणि सब्जी म्हणजे बाकीचे. तेलुगूत 'कूरगायलु' आहे : 'कूर' म्हणजे भाजी आणि 'काय' म्हणजे कोवळे फळ, पालेभाजीला तेथे 'आकुकूर', म्हणजे पानांची भाजी, असे वेगळे नाव आहे.

पाच भाषा, त्यांतल्या तीन एका कुळातल्या आणि दोन दुसऱ्या कुळातल्या. तरी शब्द बांधण्याची रीत एक. 1956 साली राज्ये भाषेनुसार आखली गेली, तेव्हा बेळगाव, कारवार, बिदर, भालकी या भागांतल्या मराठी भाषकांच्या वाट्याला काय आले, हे या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण बाजारपेठेतल्या शब्दांच्या घडणीवर त्या रेषेचा परिणाम झाला नाही. बेळगावहून घाट उतरून गोव्याला रोज भाजी जाते. ती पिकवणारा बहुतेकदा कन्नड बोलतो, तिचा व्यवहार मराठीत होऊ शकतो आणि ती शिजते कोकणी बोलणाऱ्या घरात. मालाबरोबर शब्दांनीही हा प्रवास पूर्वापार केला आहे.

वर्गाचे नाव एकाला मिळाले

खाद्य भागावरून वर्ग करण्याची सवय किती खोल रुजली होती, याचा आणखी एक पुरावा आपल्या रोजच्या फोडणीत आहे. 'कांदा' हा शब्द 'कंद' या संस्कृत शब्दापासून आला. जमिनीखाली वाढणाऱ्या साऱ्या गड्ड्यांचे जे वर्गनाम, ते मराठीत आणि गुजरातीत एकट्या कांद्याचे नाव होऊन बसले. 'मुळा' हाही तसाच : 'मूळ' या वर्गावरून 'मूलक', आणि त्यावरून मुळा. कंद आणि मूळ या दोन वर्गांतले सर्वांत परिचित प्रतिनिधी कोण, असे विचारले असता मराठी भाषेने दिलेले हे उत्तर होय.

शेजारच्या भाषांनी कांद्याला काय म्हटले तेही पाहण्यासारखे आहे. उत्तर कर्नाटकात तो 'उळ्ळागड्डी' आणि तेलुगूत 'उल्लिगड्ड'. दोन्हीकडे शेवटी 'गड्डी', 'गड्ड', म्हणजे कंदच. आपणही लसणाचा गड्डा, कोबीचा गड्डा असे म्हणतो. हैदराबादच्या मराठी माणसाला 'आलुगड्डा' परका वाटत नाही, तो या ओळखीमुळेच.

उलट दिशेने गेलेला शब्द म्हणजे 'शेंगा'. मराठीत शेंग हे वनस्पतीच्या एका भागाचे नाव. गवारीची, चवळीची, शेवग्याची, कोणाचीही असो. नुसते 'शेंगा' म्हटले की मराठी माणूस भुईमुगाच्या शेंगा समजतो. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडने हाच शब्द याच अर्थाने उचलला. तेथली 'शेंगा चटणी' प्रसिद्ध आहे. दक्षिण कर्नाटकात त्याच पिकाला 'कडलेकायि' म्हणतात. भुईमूग हे दक्षिण अमेरिकेतून आलेले पीक. नवागताचे नाव ठरवताना उत्तर कर्नाटकाने मराठीतल्या भागवाचक शब्दाचा आधार घेतला आणि दक्षिणेने कन्नडातल्या 'कायि'चा. दोघांनीही खाद्य भागच पाहिला.

अशा देवाणघेवाणीत कधी फसगतही होते. मराठीत 'चवळी' म्हणजे जिचे दाणे आमटीला वापरतात ती शेंग. उत्तर कर्नाटकात कन्नडमधून 'चवळिकायि' मागितली तर हातात गवार पडते. आपल्या चवळीला कन्नडात 'अलसंदे' म्हणतात, आणि गोव्याचे 'अळसाणे' त्याच्याशी नाते सांगते. सीमेवरच्या नव्या सुनेची पहिली फजिती पुष्कळदा या एका शब्दाने केलेली असते.

शेवग्याचा धडा

शेवग्याकडे थोडे थांबून पाहू, कारण या एका झाडात सारा विषय सामावला आहे. मराठीत आपण क्वचितच नुसते 'शेवगा आणला' असे म्हणतो; 'शेवग्याच्या शेंगा आणल्या' असे म्हणतो. कन्नडात 'नुग्गेकायि', तेलुगूत 'मुनगकाय', गुजरातीत 'सरगवानी शींग', माळव्यात 'सुरजने की फली', कोकणीत 'मशिंगेची सांग'. सहाही ठिकाणी झाडाच्या नावापुढे भागाचे नाव आहे. त्याची गरज का पडली? कारण या झाडाचा पालाही खातात आणि फुलेही खातात. कन्नडात पाल्याला 'नुग्गेसोप्पु' आणि तेलुगूत 'मुनगाकु' म्हणतात. जेथे एका झाडाचे अनेक भाग ताटात येतात, तेथे भाषा भागाचे नाव सोडू शकत नाही.

मराठीत अशी कितीतरी झाडे आहेत आणि पुष्कळदा भागाला स्वतंत्र शब्दच आहे. अळवाच्या पानांचे फतफते किंवा वड्या होतात, देठांची 'देठी' होते आणि जमिनीखालच्या गड्ड्यांना 'अळकुड्या' म्हणतात. मुळ्याचे मूळ ते मुळा, पाने तो मुळ्याचा पाला आणि शेंगा त्या 'डिंगऱ्या'. केळीचे फूल ते 'केळफूल', खोडाच्या आतला कोवळा गाभा तो 'काल', आणि फळ कच्चे असेपर्यंत भाजीचे. फणस कोवळा असताना 'कुयरी', पिकल्यावर 'गरे', आणि गऱ्यातली बी ती 'आठळी'. हरभऱ्याचा कोवळा पाला भाजीला, हिरवा घाटा सोलून खायला आणि वाळलेला दाणा डाळीला. एका रोपाची अशी तीन-तीन नावे म्हणजे शब्दांची उधळपट्टी नव्हे. कोणता भाग, कोणत्या दिवसांत, कसा खावा, याची ती छोटी टिपणे आहेत.

क्रियापदांतही हेच दिसते. पालेभाजी आपण 'खुडतो' आणि घरी आणून 'निवडतो'. शेंगा 'तोडतो', मग त्यांच्या शिरा काढतो किंवा त्या सोलतो. मुळा 'उपटतो', सुरण 'खणून' काढतो, अळंबी 'वेचतो'. विकत घेतानाही पालेभाजी जुडीने, कोल्हापूर-बेळगावकडे पेंडीने, कोबी गड्ड्याने आणि रानभाजी वाट्याने. मराठी बोलणाऱ्याच्या हाताला आणि जिभेला हे वर्गीकरण इतके सवयीचे झाले आहे की त्याला ते वर्गीकरण वाटतच नाही.

समुद्रापलीकडून आलेले पाहुणे

परदेशी भाज्या आल्या तेव्हा या व्यवस्थेची परीक्षा झाली. बटाटा हा शब्द मराठीने आणि कोकणीने पोर्तुगीजांकडून घेतला. त्याची वाट गोव्यावरून आणि पश्चिम किनाऱ्यावरून आली, हे नावच सांगते. गुजरातीतही त्याच शब्दाचे रूप रुळले. हिंदीने दुसरी युक्ती केली. 'आलु' हे कंदांचे जुने संस्कृत नाव तिने या नवागताला देऊन टाकले. कन्नडाने 'आलुगड्डे' करून त्याला आणखी एकदा कंदात बसवले, आणि तेलुगूत 'आलुगड्ड'बरोबरच 'बंगाळादुंप', म्हणजे बंगालचा कंद, असेही नाव रुळले. मराठीने पाहुण्याचे मूळ नाव ठेवले आणि शेजाऱ्यांनी त्याची जात नावात सांगितली.

कोबीच्या कुळात हा फरक अधिक स्पष्ट होतो. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही तिन्ही एकाच वनस्पतिजातीची, ब्रासिका ओलेरासियाची, माणसाने घडवलेली रूपे. कोबीत आपण पाने खातो, फ्लॉवरमध्ये न उमललेल्या फुलोऱ्याचा गड्डा आणि नवलकोलात फुगलेले खोड. मराठीने तिघांना तीन उसनी नावे दिली. 'कोबी' पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आली, 'फ्लॉवर' इंग्रजीतून, आणि 'नवलकोल' युरोपीय 'नोल-खोल'ला आपल्या जिभेचे वळण मिळून. इंग्लंडहून आणलेले फ्लॉवरचे बी 1822 साली सहारनपूरच्या बागेत लावले गेले, असे उद्यानविद्येचे इतिहास सांगतात. नंतर ही भाजी देशभर पसरली, तेव्हा हिंदीने 'पत्तागोभी', 'फूलगोभी', 'गांठगोभी' अशी तिन्ही नावे भागावरून घडवली. कन्नडात 'एलेकोसु' आणि 'हूकोसु' आहेत : पानाचा कोसु आणि फुलाचा कोसु. ही तिन्ही भावंडे आहेत हे हिंदी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला नावातूनच कळते. मराठी मुलाला ते वेगळे शिकवावे लागते.

हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मातृभाषेचा अभिमान म्हणजे प्रत्येक बाबतीत आपली भाषा वरचढ, असा आग्रह नव्हे. अळकुडी, डिंगरी, आठळी असे नेमके शब्द घडवणारी मराठी कोबीपाशी मात्र उसन्यावर थांबली. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून 'पत्तागोभी' हा शब्द सहज येतो, त्याला मराठीचा ऱ्हास म्हणण्यापूर्वी तो शब्द काय सांगतो ते पाहावे. तसेच हैदराबादच्या दख्खनीत 'अंबाडे की भाजी' म्हणतात, तेव्हा आपली अंबाडी तिकडे मानाने नांदते आहे, हेही ध्यानात घ्यावे. तीच अंबाडी तेलुगूत 'गोंगूर' आणि उत्तर कर्नाटकात 'पुंडी'. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती तिन्ही नावांनी खाल्ली जाते.

शब्दात साठवलेली सावधगिरी

भाग नेमका सांगण्याची गरज केवळ चवीपुरती नव्हती. बटाट्याचा कंद आपण रोज खातो, पण त्याच झाडाची पाने आणि उजेडाने हिरवे पडलेले बटाटे विषारी असतात. अळू, सुरण यांच्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. नीट शिजवले नाही किंवा चिंच-कोकमासारखे आंबट घातले नाही, तर घशाला खाज सुटते. पावसाच्या तोंडाशी कोकणात येणारी शेवळे म्हणजे रानटी सुरणाच्या कुळातल्या एका झाडाचा कोवळा फुलोरा. त्याची खाज मारण्यासाठी काकड नावाची फळे त्यात घालतात. शेवळ्याचे नाव माहीत असणे पुरेसे नाही. झाडाचा कोणता भाग, कोणत्या आठवड्यात आणि कशासोबत, हे माहीत असावे लागते. ते ज्ञान आजीकडून नातीकडे शब्दांतूनच जाते.

या ज्ञानाची किंमत दुष्काळात कळली. 1876 ते 1878 या वर्षांच्या भीषण दुष्काळाने मुंबई इलाख्यातले सोलापूर, बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळले. धान्य संपले की माणसे रानाकडे वळतात आणि एरवी टाकून दिलेले भाग पोटात जातात : पाने, देठ, कोंब, मुळे, बिया. त्यानंतर 1886 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पंचविसावा खंड वनस्पतींविषयी प्रसिद्ध झाला. त्यात उपयुक्त वनस्पतींबरोबर दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची माहिती आहे. त्या कामाशी डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ या गोमंतकीय वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. गोव्यातला एक विद्वान इलाख्यातल्या उपाशी माणसांचे भाजीज्ञान इंग्रजीत नोंदवतो, ही घटना आपल्या सर्वांच्या सामाईक इतिहासातली आहे. त्या ज्ञानाचे मूळ मालक मात्र मराठी, कन्नड, कोकणी बोलणारी, बहुधा निरक्षर, बायामाणसे होती. कोणता भाग खाण्याजोगा आणि कोणता घातक, हे त्यांना ठाऊक होते म्हणून अनेकांचे प्राण वाचले असतील.

आपल्यापुढचा प्रश्न

आज अडचण वेगळी आहे. सीमाभागातले मूल शाळेत एका भाषेत शिकते, बाजारात दुसरी ऐकते आणि पडद्यावर तिसरी पाहते. तिन्ही भाषा त्याला येतात याचा आनंदच आहे. परंतु घरातला मराठी शब्द मागे पडतो तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्या भाषेतला तितकाच नेमका शब्द येतो असे नाही. 'डिंगरी' गेली तर तिच्या जागी 'मोगरी' येत नाही. येते ती नुसती 'सब्जी'. 'देठी', 'काल', 'कुयरी' गेले की केळीचे खोड आणि फणसाची कुयरी हळूहळू ताटातूनही जातात. शब्द आधी जातो की पदार्थ, हे सांगणे कठीण. दोघे एकमेकांचा हात धरून जातात, एवढे खरे. म्हणून आपली लढत कन्नड 'कायि'शी किंवा गुजराती 'शाका'शी नाही. त्या शब्दांनी तर आपल्या शब्दांना शतकानुशतके सोबत केली आहे. लढायचे आहे ते सारा भाजीपाला एकाच सपाट शब्दात कोंबणाऱ्या आळसाशी.

मराठीच्या हक्कासाठी निवेदने द्यावी लागतात, मोर्चे काढावे लागतात, फलकावरच्या अक्षरांसाठीही भांडावे लागते. ते चालूच राहील. पण भाषा फलकावर जगण्याआधी स्वयंपाकघरात जगते, आणि तेथे तिला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही. पुढच्या वेळी घरात भाजी निवडायला बसाल तेव्हा जवळच्या मुलाला एवढेच विचारावे : यात आपण झाडाचे काय खातो? पान, फूल, शेंग, देठ की कंद? मग त्या भागाचे आपल्या घरातले नाव सांगावे आणि शेजारच्या घरातलेही सांगावे. एका वहीत तीन रकाने आखून ती नावे लिहून ठेवावीत : झाड, खाद्य भाग आणि आपल्या गावची सर्व भाषांतली नावे. निपाणीची वही डिचोलीच्या वहीशी आणि भालकीची वही बडोद्याच्या वहीशी कोठे जुळते व कोठे वेगळी पडते, हे पाहिले की आपल्या भाषेचा नकाशा राज्याच्या नकाशापेक्षा केवढा मोठा आहे ते मुलांना आपोआप समजेल.